घरच्या पहिल्या सामन्याचा सोहळा

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर आइस हॉकीला क्वचितच जागा मिळते. तरीही मॉन्ट्रियलमध्ये राहून अनेक मोसम हा खेळ प्रेक्षकांत बसून पाहिलेला वाचक म्हणून, नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेतील संघ दर मोसमात घरच्या रिंकवरील (बर्फाच्या मैदानावरील) पहिल्या सामन्याआधी जो सोहळा करतात, त्याविषयी लिहावेसे वाटते.

सोहळ्याचा गाभा साधा आहे. दिवे मंद होतात, एकेका खेळाडूचे नाव पुकारले जाते आणि तो बर्फावरून एकटा येऊन सहकाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. मॉन्ट्रियल संघाच्या बेल सेंटर या क्रीडागृहातल्या एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर नवोदित खेळाडूचे नाव पहिल्यांदा घेतले जाते, तेव्हा माझ्या अंगावर अजूनही शहारा येतो. खेळाडूंच्या साहित्याची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही नावानिशी बोलावतात, हे मला विशेष मोलाचे वाटते, कारण एरवी त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

अलीकडे मात्र या साधेपणावर बर्फावर उमटणाऱ्या चित्रफिती, ज्वाळा आणि कानठळ्या बसवणारे संगीत यांचा थर चढत चालला आहे. प्रेक्षकांनी आपण होऊन सुरू केलेली घोषणा दुसऱ्या ओळीपर्यंतही पोहोचत नाही, आणि सराव करून सज्ज झालेले खेळाडू सोहळा संपेपर्यंत ताटकळत राहतात.

११ मार्च १९९६ रोजी मॉन्ट्रियल फोरम या संघाच्या जुन्या क्रीडागृहातील शेवटच्या सामन्यानंतर संघाचे जुने दिग्गज खेळाडू मोरिस रिशार बर्फावर आले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन सुमारे ३६ वर्षे झाली होती. लोक उभे राहिले आणि सात मिनिटांहून अधिक काळ टाळ्या वाजवत राहिले; रिशार यांचे डोळे भरून आले. तो निरोपाचा प्रसंग होता हे खरे, पण रिंक भारून टाकायला माणसांचे हात पुरतात, हे तिथे दिसले.

लास व्हेगासच्या गोल्डन नाइट्स संघाने १० ऑक्टोबर २०१७ रोजी घरचा पहिलाच सामना खेळला, तो त्या शहरातील भीषण गोळीबारानंतर अवघ्या नऊ दिवसांनी. रिंकभोवतीच्या फळ्यांवरील जाहिराती त्या रात्री काढून टाकल्या होत्या, खेळाडूंच्या सोबतीने मदतकार्य करणाऱ्यांची ओळख करून देण्यात आली आणि तेव्हा नोंद झालेल्या ५८ मृतांसाठी ५८ सेकंद मौन पाळले गेले. नव्या संघाचे शहराशी नाते त्या रात्री जुळले, आणि त्यासाठी रोषणाईची गरज भासली नाही.

कॅनडातील विनिपेग शहरात देशाच्या राष्ट्रगीतातील ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द येताच सारे प्रेक्षक एका आवाजात गर्जतात. असे सामूहिक स्वर ऐकू यावेत म्हणून संघांच्या व्यवस्थापनांनी निदान राष्ट्रगीत संपल्यापासून पहिला पक (खेळायची रबरी चकती) पडेपर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक हॉकीप्रेमी वाचक, मॉन्ट्रियल