शोधनिबंध छापला म्हणता, पण त्यात आहे काय ते पण सांगा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी येते, अमुक सरांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये, मग सत्काराचा फोटो, अभिनंदन करणाऱ्यांची नावं आणि बातमी संपली. संशोधन काय केलं ते कुठंच नसतं. मागे असाच एक विषय होता, 'बायोमास पायरोलिसिस कायनेटिक्स'. चार वेळा वाचलं, काही कळलं नाही, आणि नंतर वाईट वाटलं कारण तो विषय आमच्या बांधावरचाच निघाला.

पुतण्या एमएस्सीला आहे, त्याने समजावलं. आपण पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, उघड्यावर पेटवतो, हवा मिळते म्हणून भडका होतो आणि मागे राख राहते. त्याच पऱ्हाट्या हवा न लागू देता बंद भांड्यात तापवल्या तर पेट घेत नाहीत, कोळसा, काळं तेल आणि गॅस असे तीन वाटे होतात. असा काडीकचरा म्हणजे बायोमास, आणि त्याला असं तापवणं म्हणजे पायरोलिसिस. सावकाश तापवलं तर कोळसा जास्त, ५०० अंशाच्या आसपास झटकन तापवून वाफ लगेच थंड केली तर तेल जास्त. आणि कायनेटिक्स म्हणजे हे सगळं किती तापमानाला किती वेगाने होतं त्याचा हिशोब. त्यासाठी ८-१० मिलिग्रॅम भुगा, म्हणजे चिमूटभर पण नाही, करंगळीच्या नखावर मावेल एवढ्या वाटीत ठेवतात, हवा लागू नये म्हणून नायट्रोजन सोडतात, मिनिटाला १० अंशाने तापवत नेतात आणि वजन कसं घटतं ते मशीन टिपत जातं, मग तेच परत ५ ने, २० ने. काडी ज्या घटकांची बनलेली असते त्यातलं हेमिसेल्युलोज साधारण २२० ते ३१५ अंशात सुटतं, पुढे ४०० पर्यंत सेल्युलोज, आणि काडीला टणक ठेवणारं लिग्निन शेवटपर्यंत रेंगाळतं. भट्टी केवढी, माल आत किती वेळ ठेवायचा, हे त्या आलेखावरून काढता येतं. रावेर-यावलच्या केळीच्या खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणी, वर पोटॅश भरपूर, म्हणून त्याचा हिशोब पऱ्हाटीपेक्षा वेगळा, बाहेरच्या देशातल्या लाकडाचे आकडे इथं चालत नाहीत. वडील ऐकत बसले होते, त्यांनी एकच विचारलं, "येनाघाई शेतकरीले काय भेटी?" (याने शेतकऱ्याला काय मिळेल?) याचं उत्तर बातमीत यायला नको का?

मेंदूच्या गाठीच्या संशोधनाचं पण तेच. वहिनीच्या एमआरआय रिपोर्टात गाठीभोवती रिंग दिसते असं लिहिलेलं होतं, आम्ही आठवडाभर तो कागद घेऊन हिंडलो, कुणी नीट सांगितलं नाही. खूप नंतर कळलं, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात, निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते बाहेर जाऊ देत नाहीत, गाठीने जिथं ती भिंत मोडलीय तिथं ते झिरपतं आणि पांढरं दिसतं, आणि गाठीचा मधला भाग मेलेला असला तर नुसती कड चमकते. ही कड कॉम्प्युटरला बिनचूक आखायला शिकवायची यावर संशोधन चालू आहे. तेव्हा एवढं जरी माहीत असतं तरी डॉक्टरांना काय विचारायचं ते सुचलं असतं.

म्हणून विनंती, सत्काराच्या ओळी कमी करा आणि संशोधन करणाऱ्यालाच १५० शब्द मराठीत लिहायला सांगा. काय तपासलं, कशावर, काय निघालं, अजून काय बाकी आहे. सुरुवात पऱ्हाटीपासून करा, आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत वावरं रिकामी करायला ढीग पेटतात, त्याच्या आधी छापलं तर बरं होईल.

आपला,
एक कापूस उत्पादक, ता. पारोळा, जि. जळगाव