बदलापूर लोकलमधल्या काकूंना

नमस्कार काकू,

मागच्या गुरुवारी संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये, लेडीज डब्यात, तुम्ही माझ्या शेजारी मटार सोलत बसला होतात. डोंबिवलीला गर्दीत उतरून गेलात आणि नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या शिकवणीतल्या आठवीच्या मुलांनी एक गणित आणलं होतं. जिच्या अंकांचा गुणाकार 36,28,800 येतो, अशी सर्वांत लहान संख्या कोणती? हा 1 ते 10 चा गुणाकार. मूळ अवयव मी पाडले होते: 2 चा आठवा घात, 3 चा चौथा, 5 चा वर्ग आणि एक 7. उत्तर लिहिलं होतं 44,55,66,667. पडताळा बरोबर येत होता, पण हीच सर्वांत लहान, असं छातीठोकपणे सांगता येईना.

तुम्ही वहीत डोकावलात आणि एवढंच म्हणालात, "आधी अंक कमी कर गं."

5, 5 आणि 7 ला हात लावता येत नाही. नुसती दुप्पट केली तरी ते दोन अंकी होतात. उरतात 2 आणि 3 चे घात, म्हणजे 20,736. चार अंकांत बसतील? 9 चा चौथा घातसुद्धा 6,561 च. म्हणजे पाच अंक हवेतच. मी घाईघाईनं 4, 8, 8, 9, 9 मांडले, तर हातातली शेंग तशीच धरून तुम्ही विचारलंत, "4 च का? 2 का नको?"

हा प्रश्न मला सुचलाच नसता. 1 चा तर उपयोगच नाही. 2 घेतला तर उरतात 10,368, चार अंकांना ते झेपत नाहीत. 3 घेतला तर 6,912, तेही जास्तच, अवघ्या 351 नं! आणि 4 घेतला की 5,184, बरोबर 9 × 9 × 8 × 8. डोंबिवली यायच्या आधीच वहीत 4,55,78,899 होतं, आणि ते का, हेही.

तुम्हाला उत्तर केव्हाच दिसलं होतं. तरी माझ्या पेनाला हात लावला नाहीत. त्यासाठी मनापासून आभार, काकू.

शुक्रवारी मुलांनाही असंच विचारत विचारत नेलं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "टीचर, 1 ते 11 चा गुणाकार घेतला तर?" मी गप्प राहिले. जरा वेळानं तीच म्हणाली, "नाही जमणार. 11 मूळ संख्या आहे, आणि एका अंकात मावत नाही."

तुमची,
खिडकीजवळची वहीवाली