नाट्यगृह भागीदाराला देताना वार लिहून घ्या

मा. संपादक,

महापालिकेची नाट्यगृहे आणि सभागृहे खासगी भागीदारीतून बांधून चालवायला देण्याचा प्रस्ताव आला की वाद ‘द्यावे की देऊ नये’ यावरच रंगतो. कराराच्या परिशिष्टांत काय आहे, हे कोणी उघडून पाहत नाही. नाटकवाले मार खातात ते तिथे.

‘वर्षातली 30 टक्के सत्रे नाटकांना सवलतीत’ ही अट ऐकायला छान वाटते. दिवसाला तीन सत्रे धरली तर वर्षाची होतात 1,095. त्यांचे 30 टक्के म्हणजे 328 च्या आसपास. आता सोमवार ते गुरुवारची फक्त सकाळ-दुपारची सत्रे मोजा, ती 416 भरतात. म्हणजे एकही रविवार आणि एकही रात्र नाटकांना न देता चालक, म्हणजे नाट्यगृह चालवणारा खासगी भागीदार, अट पाळतो आणि कागदोपत्री निर्दोष ठरतो. नाटकाचा गल्ला मात्र शनिवार-रविवारी जमतो आणि अशी सत्रे वर्षात जेमतेम 312. त्यातली किती, कोणत्या वेळेची, तारखा कधी खुल्या होणार, हे आकड्यात लिहून घेतले नाही तर कंपन्यांचे मेळावे वर्षभर आधी पैसे भरून ती अडवून ठेवतात.

सत्र म्हणजे किती तास, हेही लिहावे. नेपथ्य लावणे, प्रकाशयोजना बसवणे, प्रयोगानंतर सगळे उतरवून गाडीत भरणे हा वेळ सत्रात धरायचा की त्याचे जादा भाडे लावायचे? दुपारचा समारंभ लांबला तर रात्रीच्या प्रयोगाची भरपाई कोण देणार?

दुसरी मेख पैशाच्या दिशेची. पालिकेला सर्वाधिक अधिमूल्य, म्हणजे नाट्यगृह चालवण्याच्या हक्काचे पैसे, देणाऱ्याला काम दिले की तो ते भाड्यातून, वाहनतळातून आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्यातून वसूल करणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उलट पद्धतीत पालिका चालकाला ठरावीक रक्कम देते आणि सेवा घसरली की कापते. वातानुकूलन, जनित्र, स्वच्छतागृहे, रंगपटातले पाणी यांची नोंद प्रत्येक प्रयोगानंतर नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकाच्या सहीने व्हावी आणि कपात सत्रागणिक व्हावी. अधिमूल्याच्या पद्धतीत कापायला रक्कमच नसते. तिथे दंड बँक हमीतून घ्यावा आणि हमी 15 दिवसांत पुन्हा पूर्ण भरण्याची सक्ती असावी.

पण ही उलट पद्धतही रामबाण नाही. सिंगापूरने ‘स्पोर्ट्स हब’ या क्रीडा संकुलाचा 25 वर्षांचा करार 2010 मध्ये याच धर्तीवर केला. 2014 मध्ये मैदान खुले झाले आणि त्याच ऑक्टोबरात ब्राझील-जपान सामन्याला गवताऐवजी वाळूच दिसली. पुढे राष्ट्रीय दिनाच्या संचलनाला करारापेक्षा जास्त दिवस लागले, तेव्हा त्या जादा दिवसांच्या पैशावरून सरकार आणि चालक यांच्यातच जुंपली. अखेर डिसेंबर 2022 मध्ये सरकारने करार मुदतीआधी संपवून संकुल ताब्यात घेतले. सामान्य नागरिकांना वापर अधिक मिळावा, हे त्यामागचे एक कारण. इतक्या काटेकोर प्रशासनाला जे मैदानाच्या दिवसांबाबत जमले नाही, ते आपण मोघम परिशिष्टावर सोडतो आहोत.

करार संपतानाची अवस्था तर कुणी पाहतच नाही. शेवटच्या चार-पाच वर्षांत चालक खुर्च्या, पडदे, शीतयंत्रे यांवर खर्च करत नाही, कारण त्याचा लाभ त्याला मिळत नाही. म्हणून मुदतीच्या पाच वर्षे आधी आणि दोन वर्षे आधी त्रयस्थ अभियंत्याची तपासणी हवी. दुरुस्तीचा निधी उत्पन्नातून आधीच वेगळ्या खात्यात वळवावा. त्या खात्याला पालिकेच्या सहीशिवाय हात लावता येऊ नये.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला आगीत खाक झाले, तेव्हा ते पालिकेचेच होते. भागीदारीत मालक एक, चालक दुसरा. अशा वेळी अग्निसुरक्षेची जबाबदारी दोघांच्या मधे लोंबकळते. राज्याच्या अग्निसुरक्षेच्या 2006 च्या अधिनियमानुसार दर सहा महिन्यांनी द्यायचा नमुना ‘ब’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला, कोणी सादर करायचा, हे नावानिशी लिहावे. विमा नव्याने बांधायला येणाऱ्या खर्चाइतका असावा आणि रक्कम पालिकेला मिळावी. घसारा वजा केलेल्या किमतीच्या विम्यात रंगमंचाची फळीही उभी राहणार नाही.

हे सगळे निविदेआधी व्हायला हवे. कराराचा मसुदा परिशिष्टांसह किमान 30 दिवस संकेतस्थळावर ठेवावा. ‘परिशिष्टे नंतर जोडली जातील’ असे त्यात असेल, तर सर्वसाधारण सभेने विषय तिथेच तहकूब करावा.

– एक वाचक, पुणे