ती काठी वैद्याची नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील आरोग्यविषयक सदराच्या शीर्षकाशेजारी गेले काही आठवडे एक चिन्ह छापले जात आहे : काठीला वेटोळे घालून समोरासमोर तोंडे केलेले दोन साप आणि वर पसरलेले पंख. चित्र सुबक आहे. पण ती काठी ग्रीक पुराणकथांतील वैद्याची नसून हर्मीसची, म्हणजे देवांच्या दूताची आहे.

हर्मीस हा व्यापारी आणि वाटसरू यांचा कैवारी, आणि ग्रीकांनी हेही न लपवता सांगितले आहे की, चोरांचासुद्धा. होमरच्या नावावर मोडणाऱ्या एका प्राचीन स्तोत्रात तो जन्मल्या दिवशीच कासवाच्या कवचाचे तंतुवाद्य बनवतो, अपोलोच्या ५० गाई पळवतो आणि माग उलटा दिसावा म्हणून त्यांना पाठमोऱ्या चालवतो. पुढे समेट झाल्यावर ते वाद्य अपोलोकडे जाते आणि हर्मीसला सोन्याची काठी मिळते. मुळात ही निरोप्याची काठी. ती हाती असलेल्याला शत्रूनेही इजा करू नये, असा संकेत होता. जुन्या ग्रीक भांड्यांवर तिचे टोक नुसते इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, वरून उघडे दिसते, पंख नंतरचे. मृतांना पाताळात पोहोचवण्याचे कामही हर्मीसकडेच असल्याने, उपचारांच्या सदरावर त्याची खूण म्हणजे जरा अपशकुनच.

वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियस, अपोलोचा मुलगा. त्याची काठी ओबडधोबड, बिनपंखांची, आणि तिच्यावर साप एकच. एपिडॉरस येथील त्याच्या मंदिरात रोगी रात्री झोपत आणि देव स्वप्नात येऊन उपचार सांगेल, अशी त्यांची श्रद्धा असे. तेथे साप पवित्र मानले जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात हीच काठी आहे.

हा घोटाळा एकट्या आपल्या चित्रकाराचा नाही. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये हर्मीसची काठी गणवेशावर घेतली आणि तिथून हा गैरसमज फार पसरला. रूढीनेच चिन्हाला अर्थ येतो, असे कोणी म्हणेल. मात्र योग्य चिन्हही आज तितकेच प्रचलित असताना ती सबब मला पटत नाही. पुढील अंकापासून पंख आणि एक साप काढून टाकावा, ही विनंती. उरलेल्या सापाला काठीभोवती नीट गुंडाळले, की नवे चित्र काढण्याचीही गरज पडणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक