वाघनखं, तलवार आणि गावातली मूर्ती

संपादक महोदय,

वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा आणि रघुजी भोसल्यांची तलवार मुंबईत उतरली तेव्हाही बोलणं एकच होतं : ‘आपलं परत आलं.’ वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांच्या बोलीवर दिली आहेत. तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लिलावात ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घेतली. म्हणजे एक उसनी, दुसरी विकत. हक्काने परत मागता येते ती मुख्यतः चोरीची वस्तू, आणि तीही चोरी सिद्ध करणारा पुरावा हाती असेल तर.

सिडनीच्या आर्ट गॅलरीत तमिळनाडूतल्या वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर होता. १९७० सालीच दिल्लीत खरेदी झाल्याचा कागद त्याला जोडलेला. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे मात्र तीच मूर्ती देवळात असतानाचे १९७४ चे फोटो निघाले. कागद खोटा ठरला आणि २०१४ मध्ये मूर्ती भारतात आली. तस्कर असे मागच्या तारखेचे कागद मुद्दाम करतात, कारण चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबाबतचा १९७० चा युनेस्को करार मागच्या चोऱ्यांना लागू नाही. शिवाय देवळातून किंवा संग्रहालयातून गेलेली वस्तू तिथल्या नोंदीत असावी, अशी त्याच्या कलम ७ ची अट आहे.

आमच्या ग्वाल्हेरची अडचण नेमकी इथे आहे. गूजरी महाल संग्रहालयातल्या मूर्तींची नोंद आहे. मुरैना-भिंडकडे शेताच्या बांधावर, पिंपळाच्या पारावर टेकवलेल्या मूर्तींचं काय? चोरी झाली की तक्रारीत ‘पत्थर की पुरानी मूर्ति’ एवढंच लिहिलं जातं. तेवढ्यावरून परदेशातली मूर्ती ओळखणार कशी?

नोंद करायला दोन माणसं आणि एक मोबाइल पुरे. समोर, मागे, दोन्ही बाजू, बैठक असे पाच फोटो, शेजारी शाळेची पट्टी उभी धरून. फ्लॅश बंद, टॉर्च एका बाजूने तिरपा धरला की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. मग सगळ्यात महत्त्वाचं : तुटलेलं नाक, उडालेला कोपरा, छिन्नीची खूण यांचे जवळून वेगळे फोटो. चोर बैठक कापतो, नवी बसवतो, पॉलिश करतो. पण जुना तुटका काठ सहसा तसाच राहतो आणि ओळख तिथेच पटते. एक फोटो लांबून काढा, ज्यात मूर्तीबरोबर देऊळ किंवा पार दिसेल. नाहीतर ती तिथलीच हे सांगणार कोण?

व्हॉट्सअॅपवर फोटो नुसता पाठवला की बारीक तपशील जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तारीख घातलेली छापील प्रत ग्रामपंचायत, पोलीस ठाणं आणि पुरातत्त्व कार्यालयात द्या, पोच घ्या. हा वरचा सगळा खटाटोप पोच नसेल तर निम्मा वाया.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यांमधल्या देवघरांनाही हे लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी धातूची किंवा दगडाची मूर्ती असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. वाटणीत ती दुसऱ्या घरी गेली तर तेही कळवायचं असतं, आणि हे बहुतेक घरांत राहून जातं.

मूर्तीवर शेंदराचं पूट असेल तर फोटोसाठी खरवडू नका. दगडाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. आहे तसाच फोटो घ्या आणि शेंदूर कुठवर आहे ते लिहून ठेवा.

– मूर्ती-नोंदणीचं काम करणारे काही वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर