पाणी जड असले तरी ते प्यायला हवे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात परत निघताना मी नळाच्या पाण्याची बाटली भरून बरोबर आणली होती. तिचा अहवाल प्रयोगशाळेकडून काल हाती आला. फोनवर सांगितले असते तर आकडे कानांवरून गेले असते आणि बाबांच्या मनातली भीती तशीच राहिली असती, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजेच जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला ४०० मिलिग्रॅम भरला. त्यातले ३०० कॅल्शियममुळे आणि १०० मॅग्नेशियममुळे. साधारणपणे ६० पर्यंतचे पाणी मऊ मानतात आणि १८० च्या पुढचे अतिशय जड, तेव्हा नदीचे पाणी बंद होऊन खोल विहिरींचे सुरू झाल्यापासून पाणी जड झाल्याची जी तक्रार आई करत आली आहे ती शब्दशः खरी ठरली आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, खडकांमधून झिरपताना चुनखडी विरघळवत जाते, आणि जितका काळ ते जमिनीखाली राहते तितके अधिक क्षार घेऊन वर येते.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. मी तिथे असताना तुम्ही जेवताना अर्धा पेला पाणी घेत होतात आणि दुपारभर काहीच नाही. कारण विचारल्यावर तुम्ही किटली पुढे केलीत आणि म्हणालात, लोखंडावर जे बसते ते मूत्रपिंडात का बसणार नाही. तुमचा प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, याची मला अजून खंत आहे. किटलीतला थर उष्णतेमुळे तयार होतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की फुटते, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेले कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात टिकत नसल्याने भांड्याला चिकटते. शरीरात पाणी उकळत नाही. मूत्रपिंडातले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि लघवी दाट झाली की ते बनण्याचा धोका वाढतो, म्हणजे ज्या धोक्याच्या भीतीने तुम्ही पाणी कमी केलेत तोच धोका पाणी कमी केल्याने जवळ येतो. अन्नपाण्यातून पुरेसे कॅल्शियम मिळाले तर ते अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते आणि ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचते, हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही कमाल मर्यादा ठरवलेली नाही. तुमच्या पाण्यावर काही बंधन आहे का, हे मी तुमच्या डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारले. त्यांनी नाही असे स्पष्ट सांगितले आहे.

उलट या पाण्याचा थोडा उपयोगच आहे. लिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम त्यात आहे, म्हणजे दिवसाला दोन लिटर प्यायले तर २४० मिलिग्रॅम. आईच्या वयाच्या बाईला रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम लागते. त्यामुळे तिच्या गोळ्या बंद करता येणार नाहीत, परंतु हा वाटा अगदीच नगण्यही नाही.

आता आई, तुझ्या हातांविषयी. बोटांच्या पेरांवर पडलेल्या भेगा मी पाहिल्या आणि तेव्हापासून त्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. जड पाण्याला आपल्या भाषेत दुष्फेन म्हणतात, आणि तो शब्द रोग नेमका सांगतो: पाण्यातले कॅल्शियम साबणाशी संयोग पावते, त्याचा न विरघळणारा साका होतो आणि सगळे कॅल्शियम असे खर्ची पडल्याशिवाय फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून तू आणखी साबण घेतेस, अधिक घासतेस, आणि तो साका त्वचेवर, केसांवर, टॉवेलांवर, बादलीच्या कडेवर राहतो. कपडे धुऊनही कडक आणि मळकट दिसतात ते याचमुळे. तुझ्या हाताखालची स्वच्छता कधी कमी पडलेली नाही. डिटर्जंटचा असा साका होत नाही. म्हणून हातांसाठी साबणाऐवजी सौम्य, साबणविरहित द्रव वापर, हात स्वच्छ पाण्याने नीट धू आणि ओलसर असतानाच त्यांना मलम लाव. दोन आठवड्यांत भेगा भरल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचे आहे, हे मी आताच सांगून ठेवते.

पाणी मऊ करणारे यंत्र विकायला आलेल्या गृहस्थाने तुझे हात त्याने बरे होतील असे सांगितले होते. इसबग्रस्त ३३६ मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात असे यंत्र बसवूनही त्या मुलांच्या इसबात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. लहान मुलांवरचा निष्कर्ष तुला जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही, पण हातांसाठी म्हणून ते यंत्र घेऊ नये असे मला वाटते. नळ, गीझर आणि कपडे धुण्याचे यंत्र यांच्यासाठी मात्र त्याचा उपयोग खराच आहे. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करावे लागतात. आपल्या पाण्याचा हिशेब केला तर लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढेल. बाबांच्या रक्तदाबाचा विचार करता हे पाणी त्यांनी पिऊ नये. यंत्र बसवलेच तर स्वयंपाकघरातला एक नळ त्यातून वगळून थेट ठेवायचा, ही माझी अट आहे. पाइपवर नुसते चुंबक लावण्याचा जो स्वस्त उपाय तो सांगत होता त्याने पाण्यातले क्षार कमी होत नाहीत, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

मला सर्वांत अधिक काळजी गीझरची आहे, आणि त्याकडे तुम्हा दोघांचेही लक्ष नाही. क्षारांचा थर उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे आतली कॉइल स्वतःच तापत राहते, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. दोन वर्षांत दोनदा ती बदलावी लागली याचे कारण बहुधा हेच असावे. पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे दाब वाढल्यावर वाफ आणि पाणी बाहेर सोडणारी सुरक्षा झडप क्षारांनी अडकू शकते, आणि ती अडकली तर टाकी फुटण्याचा धोका असतो. जाणकार माणसाकडून ती झडप तपासून घेतल्याशिवाय गीझर चालू ठेवून न्हाणीघरात कोणीही जाऊ नये, आणि थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर मुळीच ठेवू नये, कारण पाणी जितके अधिक तापते तितका थर लवकर बसतो.

आई, फरशीवरचे डाग काढण्यासाठी तू दार लावून अॅसिड ओततेस हे मला कळले आहे. कृपया ते थांबव. नळ आणि शॉवरच्या जाळीसाठी व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडचे पाणी पुरते. जाळी त्यात तासभर बुडवून ठेवली की थर आपोआप सुटतो. संगमरवरावर मात्र तेही टाकू नकोस, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, डागाबरोबर दगडही विरघळेल. आणि कोणतेही अॅसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

उकळून ठेवलेल्या पाण्यावर जी पांढरी साय दिसते ती त्याच कॅल्शियम कार्बोनेटची असते. ती अपायकारक नाही. पाणी निवळू द्यावे आणि वरचे हलकेच ओतून घ्यावे, चवही थोडी सुधारते.

झडप तपासणाऱ्याला मी येत्या रविवारी सकाळी पाठवत आहे, तो येईपर्यंत अंघोळीचे पाणी चुलीवर तापवून घ्या. बाबा, तुमच्या उशाशी लिटरभराची बाटली ठेवायला मी आईला सांगितले आहे. ती रोज संध्याकाळपर्यंत दोनदा रिकामी झाली का, हे मी रात्रीच्या फोनवर विचारणार आहे.

तुमची लाडकी,
लेक