छाटलेली कण्हेर माळावर टाकू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

झाडांची छाटणी जाळू नका, कुजवून खत करा, असं तुमच्या पुरवणीत वाचलं. पटलंही. पण कुठल्या झाडाची, ते सांगायचं राहिलं. माझ्या दोन शेळ्या त्याच पायी गेल्या, म्हणून लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर छाटली आणि ठेकेदाराच्या माणसांनी दोन ट्रॉल्या पाला आमच्या गायरानाच्या कडेला ओतला. "पावसात कुजेल, फुकट खत होईल," म्हणाले. मीही अडवलं नाही. आमच्या सासऱ्यांनी परड्याला कुंपणच कण्हेरीचं केलेलं, जनावर तोंड लावत नाही म्हणून. 30 वर्षं त्याच्याशेजारी शेळ्या बांधल्या, एकीनं कधी पान ओढलं नाही.

ओढणार कशी? हिरवं पान कडूजहर. ते सुकलं की कडवटपणा उतरतो, विष मात्र तसंच राहतं. ज्वारीचं नेमकं उलटं. कोवळे फुटवे खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. तोच चारा वाळवून घातला की विष बरंच कमी होतं. त्यामुळे 'वाळलं की बाधत नाही' हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिथंच फसले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन उस्मानाबादी शेळ्या लाळ गाळत, दात खात उभ्या. त्यातली एक गाभण. हगवण लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. ठोके मध्येच पळायचे, मध्येच अडखळायचे. उजाडेपर्यंत दोन्ही गेल्या. पोट उघडलं तर चघळलेल्या पानांचे तुकडे. मोठ्या जनावरालासुद्धा 10-20 पानं पुरतात, असं डॉक्टर म्हणाले. शेळीची काय कथा!

तो ढीग जाळायचीही सोय नव्हती, कण्हेरीचा धूरसुद्धा बाधतो. शेवटी आम्ही दोघांनी कंबरभर खड्डा खणला. पाला बारीक तोडून घातला, थराथरावर शेणकाला ओतला, वर माती लोटली आणि भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. नीट कुजला की विषही हळूहळू मोडतं. पण पान ओळखू येतंय तोवर खड्डा उघडा ठेवायचा नाही. पावसात उघड्या ढिगातून पाझरलेलं पाणीही जनावर पितं, हे तर ट्रॉलीवाल्यांच्या गावीही नसतं.

गाजर गवताचं खत करताना फुलायच्या आधी उपटा, असं कृषी खातं सांगत असतं. कण्हेरीबद्दल मला तरी कुणी काही सांगितलं नव्हतं.

दुभाजकावर ती लावू नका, असं माझं म्हणणं नाही. पाणी कमी लागतं, फुलं बारमाही, बिचारीचा काय दोष? पण यंदाही छाटणी होणार. पाला झाकल्या खड्ड्यातच जाईल आणि चराईच्या जागी पडणार नाही, एवढी अट ठेक्याच्या कागदात घालावी. ट्रॉली उलटण्याआधी जवळच्या वस्तीवर एक हाक मारली तरी आम्ही खड्डा दाखवू.

– एक शेळीपालक, ता. सांगोला, जि. सोलापूर